केरीनांचं काळीज

टर्न कोव्ह, न्यूफाउंडलंड
११ नोव्हेंबर २०१३

बर्नाडेट,

पत्ता आपल्या चुलतभावाच्या, ऑस्टिनच्या बायकोकडून मिळवला. तिच्यावर चिडू नकोस, मी पिच्छाच पुरवला. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, हे समेटाचं पत्र नाही. आईच्या अंत्यविधीला तू आली नाहीस, साधी फुलं पाठवली नाहीस, आणि त्याबद्दल माझं जे मत तेव्हा होतं तेच आजही आहे. चर्चमध्ये पहिल्या बाकावर मी आणि माझी लोरेटा, आणि शेजारी तुझी जागा रिकामी. जो तो विचारत होता आणि मी सांगत होतो, बहिणीचं विमान चुकलं. तर ते असो.

काम असं आहे. ऑस्टिनची बायको म्हणते की तू तिकडे एडमंटनच्या पलीकडे खाणीवर कामावर असताना कोसळलीस, तुझं हृदय बंद पडलं होतं, आणि आता तुझ्या गळ्याच्या हाडाखाली एक डबी बसवली आहे, जी वेळ आली की धक्का देऊन हृदय पुन्हा चालू करते. हे खरं का? खरं असेल तर आम्हाला कुणालाच कसं ठाऊक नाही? आणि तू कशी? हे आपल्या घरात पुरुषांनाच होतं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. बाबा होडी किनाऱ्यावर ओढता ओढता गेले. आपला भाऊ सिरिल ऑस्टिनच्या लग्नात नाचता नाचता पडला, आणि लोक आधी हसले, त्यांना वाटलं सोंग करतोय. गावात अजून 'केरीनांचं काळीज' म्हणतात ना, ते पुरुषांचं. बायका मागे राहतात आणि आलेल्यांना चहा करून देतात. मग तू मध्येच कुठे आलीस?

हे मी तुझ्या काळजीपोटी विचारत नाही. माझ्या नोरीनसाठी विचारतोय. तू शेवटची आलीस तेव्हा ती टेबलाखाली लपायची; आता कॉलेजात गेली, नोव्हा स्कोशियात. हॉकी खेळते. हसू नकोस, गावातल्या पोरांना रडवलंय तिने. कॉलेजने संघात घेतलं. तिथल्या डॉक्टरने घरात कुणाला काय झालं होतं ते विचारलं, हिने बाबा आणि सिरिल दोघं सांगून टाकले, आणि त्याने तिला बर्फावर उतरायलाच बंदी केली. आता संघ खेळतो आणि ही कडेला पाण्याच्या बाटल्या भरते.

आपल्या इस्पितळात सेंट जॉन्सहून अधूनमधून जनुकांच्या तपासणीवाली बाई येते, हेझल पार्डी. सगळी किनारपट्टी तिच्या एकटीच्या गळ्यात. तिने माझं आणि नोरीनचं रक्त नेलं. पुष्कळ महिन्यांनी उत्तर आलं: दोघांच्याही रक्तात एका जागी एक अक्षर वेगळं आहे. वाईट आहे का? ठाऊक नाही. निरुपद्रवी आहे का? तेही ठाऊक नाही. मी म्हटलं, "बाई, मग तुम्हाला सापडलं काय?" ती म्हणाली, "मिस्टर केरीन, बदल सापडलाय. त्याचा अर्थ अजून सापडलेला नाही."

अर्थ लागायचा तर हा आजार ज्याला नक्की झालाय असं घरातलं माणूस हवं. म्हणजे त्याच्यातही तेच अक्षर आहे का ते बघता येतं. बाबा आणि सिरिल मातीत गेले. उरलीस तू.

रक्ताची एक नळी. बाकी तुझ्याकडून काही नको.

अल्फॉन्सस केरीन

•

टर्न कोव्ह
१५ जानेवारी २०१४

बर्नाडेट,

उत्तर नाही. टपाल अडकलं असेल असं मी लोरेटाला सांगतो. ती म्हणते, "टपाल नाही अडकलं, केरीन अडकलेत."

नोरीन नाताळला आली होती. दुसऱ्याच दिवशी घरात दिसेना. गेलो तर तळ्यावर, स्केट घालून, एकटीच. मी काठावरून ओरडलो.

"नोरीन, बाहेर ये!"

"डॅड, मी नुसती फिरतेय. पळत नाहीये."

"तुला काही झालं तर इथे आहे कोण?"

"तू आहेस की," ती म्हणाली. आणि मग जवळ येऊन थांबली, नाक लाल झालेलं, आणि म्हणाली, "आणि तू? तुझ्यातही तेच अक्षर आहे. तू तर बर्फ काढायचा एवढा मोठा ट्रक चालवतोस. तुला कोण बाहेर बोलवतं?"

तिला हे सांगितलेलं नाही. तुला सांगतो, कारण तू उत्तर देतच नाहीस, म्हणजे विहिरीत बोलल्यासारखंच आहे. मी तो ट्रक आता चालवत नाही. गॅरेजमध्ये काम मागून घेतलं. लोरेटाला सांगितलं की कंबर धरते. कंबर ठणठणीत आहे. चर्चच्या उतारावर सकाळी समोरून शाळेची बस येते. एक दिवस ती बस दिसली आणि मनात आलं, आत्ताच जर काळीज बंद पडलं तर? त्याच दुपारी ट्रकची किल्ली परत केली.

मी घाबरलेलो नाही. घाबरायचं की नाही हेच मला कळत नाही, आणि ते जास्त वाईट आहे. बाबांना काही ठाऊक नव्हतं; ते सकाळी उठून होडीवर जायचे. मला अर्धं ठाऊक आहे. सकाळी उठलो की आधी छातीवर हात ठेवून बघतो, जसं काही आत कुणी येऊन राहिलंय. हेझलला विचारलं, "मी आजारी आहे का?" तर म्हणते, तुमचं हृदय तपासण्यांत आज ठीक दिसतंय, दर वर्षी बघत राहू. मग नोरीनला का बसवलंय? तर तो निर्णय तिच्या डॉक्टरचा, आणि त्याच्या जागी ती असती तर तिनेही कदाचित तेच केलं असतं. कदाचित! बाई चांगली आहे, पण तिच्या प्रत्येक वाक्यात एक कदाचित असतो, आणि घरी येईपर्यंत माझ्या खिशात तेवढेच उरतात.

तुला राग आहे तो माझ्यावर ठेव. पोरीने तुझं काय केलंय?

फॉन्स

•

टर्न कोव्ह
३ मार्च

बर्ना,

तुझं पत्र मिळालं. पोस्टाबाहेर गाडीतच वाचलं. गर्टी हर्लीने काचेवर टकटक केली, "फॉन्स, कोण गेलं रे?" म्हणून. मी म्हटलं, कुणी नाही. कुणीच गेलं नाही.

मला ते परत लिहून बघायचंय, म्हणजे खरं वाटेल. आईला पुरत होतो त्या दिवशी तू एडमंटनच्या इस्पितळात होतीस. घशात नळी. क्रिस्टा उशाशी बसलेली. म्हणजे मी त्या बाकावर बसून तुला मनातल्या मनात शिव्या घालत होतो, तेव्हा तुझी पोर तिकडे तुझा हात धरून बसली होती.

तू लिहितेस की आईला नुकतंच पुरलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं. मग आठवडे गेले, मग वर्ष गेलं, मग सांगणं अवघड झालं. इथपर्यंत समजलं. लोरेटाला वाचून दाखवलं तर तिने एप्रनने डोळे पुसले आणि म्हणाली, "एकाच आईच्या पोटी दोन गाढवं." तुझ्याही वतीने मी ते मान्य करून टाकलं.

पण एक समजलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला असं झालंय का, आणि तू म्हणालीस, नाही. का, बर्ना? तू लिहितेस, मोठा ट्रक चालवायचं काम सुटलंच होतं, गोदामातलं तरी राहावं म्हणून. आणि पुढे लिहून खोडलंयस, पण उजेडासमोर धरलं की वाचता येतं: 'बाबा आणि सिरिलचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न क्रिस्टाबद्दल आला असता.'

मी रागावलेलो नाही. चार वर्षं रागावलो होतो, तो राग आता कुठे ठेवू तेही कळत नाही. खुर्चीवरून उठल्यावर माणूस परत बसायला जातो आणि खुर्ची कुणीतरी हलवलेली असते, तसं झालंय.

रक्त देतेस म्हणालीस. हेझल तुला फोन करेल. ती आधी सगळं समजावते, घाई करत नाही. मला तर तिने रक्त घेण्याआधी तीनतीनदा विचारलं की उत्तर काहीही येऊ शकतं, चालेल ना? मी म्हटलं चालेल. मला तेव्हा वाटलं होतं काहीही म्हणजे हो किंवा नाही.

फॉन्स

•

टर्न कोव्ह
२० मे

प्रिय बर्ना,

फोनवर आपण दोघंही हवामानावर बोलतो आणि मग तू म्हणतेस बरं आणि मी म्हणतो बरं. म्हणून लिहितो.

तुझं रक्त पोचलं. हेझल म्हणाली की तुझ्यात ते अक्षर बघतीलच, शिवाय हृदयाशी संबंध असलेली बाकीची जनुकंही बघतील. उन्हाळ्यापर्यंत कळेल.

मध्ये एक तमाशा झाला. आरोग्य खात्याचा एक माणूस चर्चच्या हॉलमध्ये सभा घ्यायला आला होता. म्हणे पुढच्या काळात ही तपासणी जास्त लोकांना मिळणार, लवकर मिळणार, आणि म्हणून हेझलने गावोगाव फिरायचं बंद करून सेंट जॉन्सला बसून संगणकाच्या पडद्यावरून सगळ्यांशी बोलायचं. तिचा अर्धा वेळ रस्त्यात जातो, हे त्याचं खरंच होतं. पण लोक चिडले. गर्टी म्हणाली, "इथे वादळात फोन लागत नाही, आणि हे पडदा लावणार!" कुणीतरी मला कोपराने ढोसलं, फॉन्स तू बोल, तुझ्या घरचं आहे.

उभा राहिलो. काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो. सगळं विसरलो. म्हटलं, "ती बाई एकदा रस्त्याकडेच्या बर्फात रुतली होती, मी ट्रकने तिला बाहेर काढलं. पडद्यावर आली तर मी तिला कशातून बाहेर काढू?" हॉल हसला. तो माणूसही हसला आणि त्याने काहीतरी लिहून घेतलं.

आणि मी खाली बसलो तेव्हा मला तू आठवलीस. तुझ्या गावात तर बाई नाही आणि पडदाही नाही. तू तर म्हणालीस, एडमंटनला नंबर लागायलाच वर्ष जातं. म्हणजे पडदा असता तर तुला चार वर्षांपूर्वी कुणी नीट विचारलं असतं का? की पडद्यालाही तू 'नाही'च म्हणाली असतीस? आता परत उभं राहून कसं सांगणार की मघाशी बोललो त्याची दुसरी बाजूही आहे? टाळ्या पडून गेल्या होत्या.

नोरीन घरी आली आहे. माशांच्या कारखान्यात काम धरलंय. तुझ्याबद्दल विचारते. तुझा लहानपणीचा फोटो बघून म्हणाली, "ही तर मीच आहे." मला ते आवडलं आणि नाहीही आवडलं.

तुझा,
फॉन्स

•

टर्न कोव्ह
९ जुलै

प्रिय बर्ना,

हेझल काल आली होती. तुला आधी फोन करून, तुझी परवानगी घेऊन मगच आली, असं म्हणाली. तू म्हणालीस म्हणे, "फॉन्सला सगळं सांगा, काही गाळू नका." म्हणून तिने काही गाळलं नाही.

मला समजलं ते असं. चुकलो असेन तर सांग. आमच्यातलं ते अक्षर तुझ्यात नाही. म्हणजे आजार देणारं ते नव्हेच. काही माणसांचं नाक वाकडं असतं तसं ते आहे. इतके महिने मी छातीवर हात ठेवून ज्याची चाहूल घेत होतो, ते काहीच नव्हतं.

पण तुझ्यात दुसरं एक सापडलं. ते त्यांना पुस्तकातून ठाऊक आहे, त्याला कदाचित वगैरे काही नाही. बाबांकडून आलेलं असणार, सिरिललाही तेच असणार. आणि आमच्या दोघांच्या तपासणीत ती जागा त्यांनी परत उघडून पाहिली. माझ्यात नाही. माझ्यात नाही म्हणजे नोरीनमध्येही नाही.

"म्हणजे मी खेळू शकते?" नोरीनने विचारलं.

"मी तुझ्या डॉक्टरला आजच लिहिते," हेझल म्हणाली.

नोरीनने लोरेटाला उचलून गरागरा फिरवलं. किटली पडली. मी हसत होतो. आणि मग नोरीनच थांबली. म्हणाली, "आणि क्रिस्टा?"

हेझलने किटली उचलून जागेवर ठेवली. म्हणाली, "क्रिस्टाकडे यायची शक्यता निम्मी आहे. तपासायचं की नाही हे तिने ठरवायचं."

बर्ना, मला काहीच समजेनासं झालंय. माझी पोर सुटली ती तुझ्या रक्ताने, आणि त्याच नळीने तुझी पोर अडकली. मी मागितलं नसतं तर तू दिलं नसतंस. मग आम्ही बाटल्या भरत बसलो असतो आणि क्रिस्टा काही न कळता फिरत राहिली असती, सिरिलसारखी. म्हणजे मी बरं केलं की वाईट? हेझलला विचारलं. तिने पहिल्यांदाच कदाचित म्हटलं नाही. म्हणाली, "मला सांगता येणार नाही."

संध्याकाळी लोरेटाने काकवी घालून पोळ्या तळल्या, सणासारख्या. मी दोन खाल्ल्या आणि बाहेर जाऊन होडीला उगाच रंग देत बसलो. तुला फोन करायचा होता. काय म्हणायचं? अभिनंदन कर माझं?

क्रिस्टाला माझं सांग. काय सांगशील ते तूच ठरव.

फॉन्स

•

टोरोंटो, विमानतळ
२ सप्टेंबर

प्रिय बर्ना,

हे पोस्टात टाकणार नाही, तुझ्या हातात देईन. तू म्हणशील, वेड्या, समोर बसलायस तर बोल ना. पण आपलं ठाऊक आहे. समोर बसलो की आपण वाऱ्याची दिशा सांगत बसणार.

एवढ्या दूर मी कधी आलो नव्हतो. सुरक्षेवाल्या पोराने माझ्या पिशवीतला बेकॲपलच्या रानफळांचा मुरंबा काढून घेतला. मी म्हटलं, बहिणीसाठी आहे. तो म्हणाला, पातळ आहे. मी म्हटलं, लेका, लोरेटाचा मुरंबा पातळ आहे असं तिच्यासमोर म्हणून बघ. घेतला तरी.

क्रिस्टाने तपासायचं ठरवलं हे तू सांगितलंस तेव्हा मी विचार न करता म्हटलं, मी येतो. नंतर वाटलं, मी तिथे करणार काय? ज्याचं उत्तर 'नाही' आलं तो माणूस, ज्यांचं यायचंय त्यांच्या घरी जाऊन बसणार. मी तिला नकोसा होईन का? तसं असेल तर मला तोंडावर सांग. बाहेर गाडीत बसेन. खोलीत बोलावलं तर खोलीत येईन.

आणि हे एवढंच म्हणायचं होतं. त्या बाकावरच्या तुझ्या जागेवर मी कुणाला बसू दिलं नव्हतं. गर्टीची बहीण बसायला आली होती, तिला उठवलं. रागाने उठवलं असं तेव्हा वाटलं होतं.

विमानाची हाक आली.

फॉन्स

•

टर्न कोव्ह
१६ नोव्हेंबर, रविवार

प्रिय बर्ना,

क्रिस्टाचं ऑपरेशन नीट झालं हे तू कळवलंस, देवाची कृपा. तिला म्हणावं, डबी पहिल्या दिवसांत टोचते हे तुझ्या आईने मला सांगितलंय, पण तुझ्या आईला कुरकुरायची सवयच आहे.

त्या दिवसाबद्दल आपण बोललोच नाही, आणि मला तो अजून दिसतो. इस्पितळातली ती छोटी खोली, भिंतीवर नुकताच लावलेला पडदा, त्यात एडमंटनची ती तरुण बाई. क्रिस्टा आपल्या दोघांच्या मध्ये. बाई म्हणाली, "क्रिस्टा, बदल तुझ्यातही आहे." क्रिस्टाने पुन्हा सांगायला सांगितलं. बाईने तेच शब्द पुन्हा सांगितले. क्रिस्टा रडायची थांबेपर्यंत बाई पडद्यातून उठून गेली नाही. मी तिच्यावर चिडायच्या तयारीने गेलो होतो. जमलं नाही. आता आरोग्य खात्याने आम्हा गावकऱ्यांची मतं मागवली आहेत. मी लिहिलं, पडदाही आणा आणि हेझललाही ठेवा. लोरेटा म्हणते, हे मत नाही, हावरटपणा आहे.

आणि नंतर गाडीत क्रिस्टाने विचारलं होतं, "अंकल फॉन्स, मला का? नोरीनला का नाही?" मी तुझ्याकडे पाहिलं, तू खिडकीबाहेर. मी म्हटलं, "मला ठाऊक नाही गं." ती म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी ठाऊक नाही म्हणालं."

आता हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते. काल आम्ही नोव्हा स्कोशियाला नोरीनचा सामना बघायला गेलो होतो. आजच बोटीने परतलो. दोन वर्षांनी ती पुरता सामना खेळली. दुसऱ्या भागात गोल केला, असा की गोलरक्षक मुलगी जागची हललीच नाही. मी उभा राहून ओरडलो, छाती फुटेल इतका. आणि ओरडता ओरडता क्रिस्टा डोळ्यांपुढे आली, पट्टी बांधलेली, हात वर करायला मनाई केलेली. मी खाली बसलो. लोरेटाने विचारलं, "काय झालं, छातीत दुखतंय?" मी म्हटलं, नाही. नोरीनने वर पाहिलं तेव्हा सगळे उभे होते आणि मी एकटा बसलेला. तिने ते पाहिलं, बर्ना.

मला ओरडायचा हक्क आहे का? ओरडलो तर तुझ्या घरावर ओरडल्यासारखं, नाही ओरडलो तर माझ्या पोरीवर अन्याय. मला खरंच कळत नाही. तू सांग.

सोमवार

हे पोस्टात टाकायच्या आधीच सकाळी तुझा फोन आला, पट्टी कधी काढायची ते सांगायला. मी वाऱ्याची दिशा सांगितली. मग एकदम विचारून टाकलं, वर लिहिलंय तेच.

तू म्हणालीस, "फॉन्स, मग मी ते रक्त दिलं कशासाठी? ओरड की मेल्या."

पाठीमागे क्रिस्टाचा आवाज आला, काय झालं, कोण ओरडतंय. तू तिला सांगितलंस, नोरीनने गोल केला. तिने फोन हिसकावून घेतला.

"अंकल फॉन्स, जिंकल्या का?"

मी म्हटलं, "नाही गं. एका गोलने हरल्या."

ती हसली, मग 'आई गं' म्हणून कळवळली, टाके दुखले असणार, आणि तरी हसत राहिली. म्हणाली, "मग तू बसूनच राहिला असशील! नोरीनला सांग, पुढच्या सामन्याला मी बघणार आहे, पडद्यावर का होईना. आणि तू जोरात ओरड, मला इथे ऐकू आलं पाहिजे."

सामना शनिवारी आहे. विचारायचं ते फोनवर विचारून झालं, तरीही हे पत्र टाकतो.

तुझा भाऊ,
फॉन्स